प्राणोबांच्या दारावरचं उणे

फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते तेव्हा, मूलद्रव्यांचं एक गाव होतं. काय दिवस होते ते! कुणी दाराला कडी लावत नसे. विजेचे चिमुकले दाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन, एकमेकांना देऊन-घेऊन सगळे सुखात नांदत. हिशेब ठेवायला गावचे पंतोजी होते; एकटं बसलेल्याच्या दारावर ते गेरूने शून्य काढत. देवघेव झाली की आकडा बदलत.

गावातले प्राणोबा, म्हणजे आपला प्राणवायू हो, भेटेल त्याच्याकडून दोन दाणे घेत. सोडियमताई नावाप्रमाणेच दाणा सोडून मोकळी. लोखंडेमामा कधी दोन देत, कधी तीन. जशी संगत, तशी लहर.

एके दिवशी प्राणोबांनी आपलं दार निरखलं आणि भडकलेच. "पंतोजी, चष्मा धुवा! दोन दाणे घेतले मी, नि दारावर उणे दोन? दाणे गमावणाऱ्या मामांना मात्र अधिक?"

"अहो, दाणाच उण्या विजेचा! घ्याल तितके उणे, द्याल तितके अधिक."

हे प्राणोबांच्या जिवाला लागलं. एकदा तरी अधिक व्हायचंच! दोन दाणे मुठीत धरून ते दारोदार फिरले. "घ्या हो मामा."

"तुमच्याकडून? मांजर दूध वाटायला निघालं की!" मामा पोट धरधरून हसले. घ्यायला कुणीच तयार होईना.

तेवढ्यात फ्लोरीनच्या जुळ्या बहिणी आल्या. दाण्यांची हाव अशी, की प्राणोबाही त्यांच्यापुढे गरीब वाटावेत.

"काका, आम्हाला एकेक दाणा हवा. देता?"

प्राणोबांनी मूठ पुढे केली खरी. जन्मभर हात फक्त घ्यायलाच पुढे केलेला. मूठ काही उघडेना.

"एकेक बोट सोडा," सोडियमताई म्हणाली. "की मी शिकवू?"

प्राणोबांनी डोळे मिटले आणि मूठ उघडली. जुळ्या दोन बाजूंना बिलगून बसल्या. पंतोजींनी गेरू उचलला आणि ठसठशीत काढलं: अधिक दोन.

"मामा, पळत या! बघा तरी!" प्राणोबा लहान मुलासारखे ओरडले.

"येतो," मामा लांबूनच म्हणाले, "पण आधी हात मागे बांधा!"

आजही प्राणोबा बहुतेकांकडून घेतातच. खोड अशी जाते होय? पण त्या दिवसाची आठवण निघाली, की अजून ते मूठ उघडून दाखवतात.

तात्पर्य इतकंच, बाळांनो आणि बाळांच्या बापांनो: घेताना वाटतं आपण वाढलो, पण माणूस अधिक होतो तो दिल्यावरच.