हैबतीचा छकडा

कधीकाळची गोष्ट आहे. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते सांगणाऱ्याला आठवत नाही, पण छकडा कोणाचा होता ते पक्कं आठवतं. तो होता हैबतीचा.

डोंगराच्या अलीकडच्या गावात हैबती आणि त्याची बायको बनाबाई राहत. त्यांची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. "बाळंतिणीला घरचं दूध हवं. गाय बघा," बनाबाई म्हणाली. दारात गाय नव्हती, नुसता छकडा उभा होता. त्याचे बैल म्हातारे होऊन गेले होते. तेव्हा छकडा विकावा आणि गाय आणावी, एवढा साधा बेत. दलालाला वाटा कशाला द्यायचा? आपला छकडा आपणच विकू, असं हैबती म्हणाला, आणि तिथंच बिचारा फसला.

छकड्यात एकच खोट होती. दोन्ही चाकं ज्या आडव्या दांड्यावर फिरतात तो कणा मधोमध चिरला होता. सुताराचं दोन दिवसांचं काम. हैबती मुळात सरळ माणूस. पहिलं गिऱ्हाईक आलं तसं त्यानं सांगून टाकलं, "बाकी छकडा ठणठणीत आहे. कणा तेवढा चिरलाय, बदलून घ्या."

गिऱ्हाईकानं छकड्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "जो माणूस आपण होऊन एक खोट सांगतो, त्यानं दहा लपवलेल्या असणार." एवढं बोलून ते चालू लागलं.

दुसरा आला तो चार मेहुणे घेऊन. एकानं चाकावर टिचक्या मारल्या, एकानं जू हुंगलं, एक तर छकड्याच्या छपराखाली जाऊन आडवाच झाला. चौथ्याला छकड्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून बोलला तोच सगळ्यात जास्त. बनाबाईनं पाचही जणांना गूळपाणी दिलं. ते पिऊन मिशा पुसत म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांचा विचार अजून चालू आहे.

तिसऱ्याला छकडा 'जरा चालवून' बघायचा होता. सकाळी आपले बैल जुंपून गेला तो दिवस मावळताना परतला. आत कांद्याची सालं आणि चिखलाची पावलं! बाजारहाट करून, सासूला तिच्या गावी पोचवून आला होता लेकाचा. वाट सपाट, म्हणून छकडा टिकला.

"कणा कुरकुरतो बरं का," वर तोच म्हणाला.

"अरे बाबा, ते मीच तुला सांगितलं होतं!" हैबती ओरडला.

चौथ्यानं विचारलं, "छकडा नको, नुसतं छप्पर देता का?"

हैबतीनं कपाळावर हात मारून घेतला. "देवा, लेकीला स्थळ शोधताना एवढं सोसलं नव्हतं रे! खरं सांगावं तर पळतात. खोटं मला जमत नाही. या लोकांना हवं तरी काय?"

"सुताराकडून कणा बसवून घ्या आणि मोकळे व्हा," बनाबाई म्हणाली.

"या दीडशहाण्यांसाठी मी नवा कणा घालू? मुळीच नाही!"

आणि बनाबाई पाण्याला गेल्यावर त्यानं काय करावं? मेण आणि राळ वितळवून चिरेत भरली, वर काजळी चोळली, तेलाचा हात फिरवला. चीर दिसेनाशी झाली. आता येऊ दे कोणालाही, असं म्हणून तो ओट्यावर बसून राहिला.

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई आपले बैल घेऊन आली. हौसाबाई तिचं नाव, पण हैबतीनं ते विचारलं नाही. तिनं टिचकी मारली नाही, काही हुंगलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "दादा, मला वेळेवर पोचावं लागतं. वाट डोंगरातली आहे. छकडा दगा देणार नाही ना?"

इथं हैबतीनं थांबायला हवं होतं. पण तोंडाशी त्या चौघांवरचा राग साचला होता, तोच बोलला. "डोळे झाकून न्या, बाई."

"मग झालं. तुमचा शब्द पुरे."

संध्याकाळी दारात गाय आली. बनाबाईनं विचारलं, "छकडा घेतला कोणी?"

"कोण्या बाईनं. लाखात एक गिऱ्हाईक! काही विचारलंच नाही बघ," हैबती म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी मैनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण डोंगरापलीकडची. बनाबाईनं बाजारात गाठून तिला आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारी आडवाटेनं धावत निरोप घेऊन गेला आणि धापा टाकत परतला. "सुईणबाई निघाल्यात! छकड्यातून येताहेत. हैबती, तुझाच छकडा की तो!"

"देव पावला," म्हणून बनाबाईनं हात जोडले. हैबतीला कण्यातलं मेण आठवलं. तो तसाच अनवाणी डोंगराकडे धावत सुटला.

उतारावर छकडा कलंडला होता. बैल बाजूला चरत होते. हौसाबाई दगडावर बसून सुजलेला घोटा चोळत होती. समोर कणा दोन तुकडे होऊन पडला होता आणि चिरेतलं मेण उन्हात चकाकत होतं.

"दादा, हे मेण आपोआप नाही भरत," ती संतापून म्हणाली. "तुमच्या शब्दावर मी किती जणींना शब्द दिलाय, ठाऊक आहे?"

"ठाऊक नव्हतं, बाई. पण कणा चिरलाय हे ठाऊक होतं," हैबती रडत म्हणाला. "हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी माझ्या पाठीवर बसा. अडलीय ती माझी लेक आहे."

हौसाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तरी वाटेत मोडणार नाही ना?"

'डोळे झाकून बसा' असं आता त्याच्यानं म्हणवेना. "डावा गुडघा दुखरा आहे," तो म्हणाला. "उतारावर सावकाश चालावं लागेल."

"मग चला. खोट कळली की सांभाळून घेता येतं."

बाळ आडवं आलं होतं. आणखी घटकाभर उशीर झाला असता तर मायलेकरं दोन्ही हातची गेली असती, असं हौसाबाई नंतर म्हणाली. पण नात सुखरूप झाली, आणि गायीचं दूधही उपयोगी पडलं.

हैबतीनं छकड्याला स्वखर्चानं बाभळीचा नवा कणा घातला. हौसाबाईचा घोटा बरा होईपर्यंत, म्हणजे चांगले चार महिने, तोच तिला गावोगाव नेत राहिला. हाक आली की ताटावरून उठावं लागे. दर गावात कोणीतरी विचारी, "सुईणबाईंच्या पायाला काय झालं हो?" आणि दर गावात हौसाबाई मुकाट्यानं हैबतीकडे बघे. मग त्याला पहिल्यापासून सगळं खरं सांगावं लागे, मेणासकट.

बाळांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: संशयखोरांवरच्या रागानं बोललेलं खोटं, विश्वास ठेवणाऱ्याच्याच पदरात पडतं.