परतीचं भाडं

एका राज्यात बारा वर्षं कोणाचा डोळा लागला नव्हता. राजावर रुसलेल्या एका जादूगाराने साऱ्या राज्याची झोप पेटीत कोंडून समुद्रापारच्या बेटावर नेऊन ठेवली होती. पाळण्यातली पोरं टक्क जागी, खाटेवरचे म्हातारे टक्क जागे. काय तो जाच!

राजपुत्र भानुकेतू पेटी उघडायला निघाला खरा, पण राजाचा खजिना मांत्रिकांनी केव्हाच चाटूनपुसून नेला होता. उरला बालमित्र रत्नपाल. त्याच्या तळघरात यक्षाचं धन होतं, पण शापाचं. कोणी मागावं, रत्नपालाने द्यावं, की त्याचं अंग दगड व्हावं.

भानुकेतूने बेटाचा पत्ता सांगणाऱ्या राघूसाठी मोती मागितले, तेव्हा मित्राचे पाय दगड झाले. पेटीच्या किल्लीसाठी सोनं मागितलं, तेव्हा कंबर गेली. आता तो तिसऱ्यांदा दारात उभा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"ये, बस," रत्नपाल म्हणाला. "मला काही उठता येत नाही."

"बेटावर जहाज नेणाऱ्या तांडेलाचं भाडं हवंय. शंभर मोहरा."

"नुसतं जायचं?"

भानुकेतूने मान खाली घातली. परतीचं भाडं आधी न देणाऱ्याला बेटावरच सोडून यायचं, असा त्या बंदराचा रिवाज होता.

"पेटी उघडली की झोप आपली आपण येईल. मी नाही आलो तरी चालेल."

"कोणाला चालेल?"

"मागून मागून थकलो रे, रत्नपाला."

रत्नपालाने शंभर मोहरा दिल्या. दगड छातीशी चढला. हात हलत होते तोवर त्याने आणखी शंभर पुढे सारल्या.

"या मी मागितल्या नाहीत!"

"मी देतोय. मुकाट्याने घे."

तोच तळघरातून यक्ष वर आला. म्हणाला, "मागितल्यावर देणारे पुष्कळ पाहिले. न मागता देणारा हा पहिलाच. माझा पहारा सरला." तो गेला, आणि रत्नपालाच्या अंगावरचा दगड खपलीसारखा गळून पडला.

भानुकेतू बेटावर पोचला, पेटी उघडली. राज्य आडवं झालं. तांडेल परमुलखातला, म्हणून तेवढा जागा राहिला. तिसऱ्या दिवशी जहाज परतलं, तर बंदरावर एकच माणूस अंगाला चिमटे काढत उभा होता. बारा वर्षांनी आलेली झोप रत्नपालाने तीन दिवस थोपवून धरली होती.

"आलास?" तो म्हणाला, आणि तिथेच वाळूत कलंडला. जहाजातून पेंगतच उतरलेला भानुकेतू त्याच्याशेजारी निजला.

राजा निजला, रयत निजली. तुमचंही अंग शिणलं असेल, तुम्हीही निजा.