तांबडे पट्टे आले कुठून?

रायगव्हाणच्या राजेसाहेबांना जहाजातून आलेले परदेशी सरडे पाळायचा नाद लागला, आणि राजाला नाद लागला की दरबाराला लागतोच. कारभारी नरहरपंतांनी एक निळाशार नर घेतला. सरड्यांची देखभाल करणाऱ्या तुळजाकडे स्वतःची एक मादी होती, मातकट रंगाची. या जातीत सगळ्याच माद्या तशा. दोघांनी जोडी लावली आणि पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची ठरवली.

पिल्लं मोठी झाली, नरांना रंग चढले, तर निळ्या अंगावर तांबडे पट्टे! पंत भर दरबारात कडाडले, "महाराज, हिनं चोरून दुसरा नर लावला. दंड म्हणून हिची मादी आणि सगळी पिल्लं मला मिळावीत."

"पंत, मादीचा बाप तांबडा होता," तुळजा म्हणाली. "त्याचा रंग नातवंडांत उतरला."

"मूर्ख पोरी! मादीच्या अंगावर तांबडा ठिपकासुद्धा नाही. जे तिच्यात नाही, ते ती पोरांना देणार कुठून?"

तुळजाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "पंत, तुमच्या या झुपकेदार मिशा वडिलांसारख्या का हो?"

"छे! त्यांच्या मिशा म्हणजे चार केस," पंत मिशीला पीळ देत म्हणाले. "या थेट आजोबांच्या. माझ्या आईच्या वडिलांच्या!"

"मग मधे आईसाहेबांना मिशा कधी फुटल्या होत्या?"

दरबार खदखदून हसला. पंतांचा हात मिशीवरच राहिला.

"मादी तुळजाचीच, आणि पिल्लं ठरल्याप्रमाणे निम्मी," राजेसाहेब हसू आवरत म्हणाले. "की पंत, आईसाहेबांना साक्षीला बोलावू?"