वाटून घेतलेला काढा

एका गावात एक कचेरी होती. तिथे एक रीत होती. चहाच्या वेळेला कुणी काही आणलं, तर ते एकट्याने खायचं नाही. लाडू असो की भडंग, सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं पडायचंच. नको म्हणणारा माणूस गर्विष्ठ ठरायचा.

कचेरीचे हेडक्लार्क होते निळकंठअण्णा. दिवसभर खुर्चीत बसून बसून त्यांचं पोट साफ होईना. म्हणून ते शहरात एका चिनी वैद्याकडे गेले. वैद्याने जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली, झोप कशी लागते ते विचारलं. मग वाळलेल्या मुळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या आणि बजावलं, "हा काढा तुमच्यापुरता आहे. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

अण्णा काढा थर्मासात घालून कचेरीत आणू लागले. झाकण उघडलं की वास सगळीकडे जायचा.

"अण्णा, एकट्या एकट्याने?" शिरोडकर म्हणाला. "कशावर आहे एवढं?"

पोटाचं चारचौघांत कसं सांगायचं? अण्णांना लाज वाटली. "चिनी काढा आहे. थकवा जातो," त्यांनी ठोकून दिलं.

"मग इकडे करा की! थकवा काय हेडक्लार्कलाच येतो?"

"अरे, वैद्य म्हणालाय कुणाला देऊ नका."

"त्याला आपली रीत काय ठाऊक! आणि झाडपाल्याचंच तर आहे. अपाय कसला व्हायचाय?"

सगळे हसले, अण्णाही हसले आणि थर्मास फिरला.

त्याच कचेरीत कुंदा नावाची कारकून होती. तिची मुलगी अजून अंगावर पीत होती. पोरीपायी तिची झोप होत नसे. थकवा जातो म्हटल्यावर तिने कप पुढे केला. मग रोजच करू लागली. सासूने बजावलं होतं, पाजतेस तोवर बाहेरचं काही तोंडात घालू नकोस. पण सासूला कोण सांगायला जातंय?

कचेरीतली माणसं आता वरचेवर उठून बाहेर जाऊ लागली. कुणी म्हणे, काल लग्नाचं जेवण जड झालं. कुणी म्हणे, वांगी बाधली. खरं कारण कुणी उच्चारलं नाही.

आणि मग कुंदाच्या मुलीला जुलाब लागले.

कुंदा कामावर गेली की पोरीला नंदामावशी सांभाळायची. सासू तिच्यावरच घसरली. "तूच वरचं काहीतरी पाजलंस!"

"देवाशपथ नाही, आई. ताई दुपारी येऊन पाजून जातात, तेवढंच."

"मग काय हवेनं झालं? उद्यापासून येऊ नकोस."

कुंदाच्या मनात काढा आला होता. ओठापर्यंत आलं, पण ती बोलली नाही. उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. मावशी चपला घालून निघून गेली.

सकाळी पोरीचे डोळे खोल गेले. ओठ सुकले. रडायचंसुद्धा त्राण उरलं नाही. तिला उचलून सासू-सून डॉक्टरीणबाईंकडे धावल्या.

"आईने काही वेगळं खाल्लं का?" बाईंनी विचारलं.

"छे! माझ्या डोळ्यांसमोर जेवते ती," सासू म्हणाली.

"मी आईला विचारतेय."

कुंदाने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. सासूकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. "काढा घेत होते. कचेरीत. रोज."

"कसला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि रोज प्यायलीस?"

बाईंनी कचेरीत फोन लावला. भरल्या कचेरीत अण्णांना सांगावं लागलं, "पोट साफ व्हायचा आहे हो. त्यात रेवाचिनी आहे, जुलाबाची मुळी." शिरोडकरने हातातला कप हळूच टेबलाखाली ठेवला. कुणी हसलं नाही.

"आईने घेतलेलं दुधातून बाळाला जातं," बाई म्हणाल्या. "काढा आजपासून बंद. पाजणं मात्र बंद करायचं नाही." त्यांनी लगेच सलाईन लावलं. संध्याकाळी पोर चुळबुळली, रडली आणि प्यायली.

दुसऱ्या दिवशी कुंदा नंदामावशीच्या घरी गेली. खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तुमची काही चूक नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं."

"पोर कशी आहे?"

"बरी आहे. तुम्ही या ना परत."

मावशी भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. "सासूबाई बोलल्या त्याचं काही नाही, ताई. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही गप्प उभ्या राहिलात."

कुंदा आली तशीच परत फिरली.

तात्पर्य: एकाला दिलेलं औषध दुसऱ्याने वाटून घेऊ नये. आणि घेतलंच, तर सांगायला लाजू नये. आपण आपली लाज झाकत बसतो आणि भोगतं ते ज्याला बोलताही येत नाही ते.