संत्र्याचा ताण

"मी वावगं काय बोललो, बाबा?" दामोदरनं विचारलं.

चिंतामणबाबा संत्र्याच्या झाडातली वाळकी काडी मोडत राहिले.

कार्तिक सरत आला होता. मठाच्या बागेत चारशे झाडं, आणि थंडीआधीची सगळी कामं एकदम अंगावर आलेली. वाळक्या फांद्या काढायच्या, बुंध्यांना चुना-मोरचूद फासायचं, भोवती आळी खणायची आणि मग पाणी तोडायचं. संत्र्याला महिनाभर तहानलेलं ठेवतात. यालाच ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं.

दामोदर हा बाबांचा शिष्य. त्याचं बोलणं इतकं गोड, की पाच गावांतली माणसं प्रवचनाला आधीच येऊन जागा धरत. हे त्याला ठाऊक होतं, जरा जास्तच ठाऊक होतं.

परवा आळी खणताना त्यानं गिरजाबाईला याच ताणाचा दाखला दिला. गिरजाबाई अकरा वर्षं बागेत कामाला. सव्वा महिन्यापूर्वी तिचा एकुलता एक मुलगा, सुदाम, तापानं गेला होता. वीस वर्षांचा पोरगा.

"झाडाला ताण देतात तो बहारासाठी," दामोदर म्हणाला होता. "देवही तुम्हांला ताण देतोय, बाई. बहार येईल."

गिरजाबाईनं ऐकून घेतलं.

"बरं जी," म्हणाली. कुदळ बांधावर ठेवली आणि भर दुपारी घरी निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. आज सकाळी तिची शेजारीण सांगून गेली, "दारात बसून हाये जी. घास बी घेत नाई."

"याच दाखल्याला लोक डोळे पुसतात," दामोदर म्हणाला. "तिला कळला नसेल. मी घरी जाऊन नीट समजावतो."

"जा. पण आधी इकडे ये."

बाबा त्याला विहिरीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे एक झाड खडखडीत वाळून उभं होतं.

"गेल्या साली याचं पाणी मीच तोडलं. वाटलं, सगळ्यांनी सोसलं, हेही सोसेल..." बाबांनी बुंध्यावर हात ठेवला. "नंतर रोज दोन घागरी घालत होतो. नाही आलं."

दामोदरनं एक फांदी वाकवून पाहिली, ती कडकन मोडली.

"तिला सांगितलंस ते याला सांग."

"बाबा, हे तर..."

"सांग. तुझं बोलणं गोड आहे."

दामोदरनं तोंड उघडलं. "झाडाला ताण देतात तो..."

पुढे शब्द फुटेना. गिरजाबाईचं ते "बरं जी" कानात घुमलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सुदाम आठवला. शिडीवर चढून, मोठ्यानं गाणी म्हणत संत्री तोडायचा. तो गेला तेव्हा दामोदर रडला नव्हता. त्याला दाखला सुचला होता.

तो तिथेच मातीत बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

बाबांनी त्याला उगी केलं नाही.

बऱ्याच वेळानं दामोदर उठला. डोळे पुसायला त्यानं उपरणं उचललं, तसा बाबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. आता जा तिच्याकडे."