सूर्य बरा हाय का?

कृष्णेकाठच्या एका गावात कबुतरं पाळणारे दोघेच होते, बाळगोंडा आणि दस्तगीर. दोघांची घरं शेजारी, कबुतरांच्या ढाबळी समोरासमोर. दर वर्षी जत्रेच्या दिवशी दोघे आपापली पाखरं टोपलीत घालून लांबच्या डोंगरावर नेत आणि एकदमच सोडत. ज्याचं पाखरू आधी घरी पोचे, त्याला गाव मानाचा फेटा बांधी. तो फेटा बरीच वर्षं दस्तगीरच्याच डोक्यावर बसत आला होता.

बाळगोंडाला मोबाईलवर सूर्याचे रोजचे ताजे फोटो पाहायचा नाद होता. लोक उठून चहा पितात, हा उठून सूर्यावरचे डाग बघे. डाग कुठे वाढले, ज्वाळा कुठून उसळली, सगळं त्याला पाठ. सूर्यावर मोठा भडका उडाला की दिवसा-दोन दिवसांत त्याचा धक्का इथवर पोचतो आणि पाखरांची दिशा चुकते, असं त्याचं म्हणणं होतं. गाव हसे. दस्तगीर मात्र कधी हसला नाही. पाखरं सोडण्याआधी तो कुंपणावरून विचारायचाच, "बाळगोंडा, सूर्य बरा हाय का?" आणि तो सांगेल तसं वागायचा.

एका वर्षी जत्रेच्या आदल्या सकाळी बाळगोंडाने मोबाईल उघडला, तर सूर्याच्या मधोमध भला मोठा भडका उडालेला. एवढा त्याने आजवर पाहिला नव्हता. आधी तो घाबरला. मग, सांगायला वाईट वाटतं, पण त्याला बरं वाटलं. यंदा फेटा आपल्याला नाही मिळाला तरी चालेल, दस्तगीरच्या डोक्यावर तरी नको, असं त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी दस्तगीरने नेहमीसारखं विचारलं, "सूर्य बरा हाय का?"

"बरा हाय की," बाळगोंडा म्हणाला. "पर माझा पाय मुरगळलाय. डोंगर चढवायचा न्हाई. यंदा तू एकटाच जा."

दस्तगीरचं तोंड उतरलं. एकट्याने जिंकण्यात त्याला गोडी नव्हती. तो म्हणाला, "मग तुझी काजळी मी नेतो. तुझा पाय दुखतोय, तिचे पंख तर न्हाईत दुखत."

काजळी म्हणजे बाळगोंडाची जीव की प्राण असलेली कबुतरी. पिल्लू होती तेव्हापासून त्याच्या तळहातावरची ज्वारी खाऊन वाढलेली. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण नको म्हटलं की का, तेही सांगावं लागणार होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याने आपल्या हाताने काजळीला दस्तगीरच्या टोपलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जत्रेत ढोल वाजले. पोरंटोरं छपरांवर चढून आभाळाकडे बघत बसली. ऊन उतरलं, तरी एकही पाखरू आलं नाही. दिवेलागणीला दस्तगीर रिकामी टोपली घेऊन परतला. आता हा आपल्याला जाब विचारणार, असं बाळगोंडाला वाटलं. विचारला असता तर फार बरं झालं असतं. दस्तगीर त्याचे हात धरून रडायला लागला.

"माझी गेली ती गेली," तो म्हणाला. "पर तू इश्वासानं दिलेली काजळी माझ्या हातनं गेली. मला माफ कर गड्या."

तेव्हाही सांगता आलं असतं. बाळगोंडा गप्प राहिला.

त्याने मोबाईलवर सूर्य पाहणं सोडून दिलं. पण रोज दिवस मावळताना दस्तगीर मूठभर ज्वारी घेऊन त्याच्या अंगणात येतो आणि काजळीची वाट बघत बसतो. त्याची स्वतःची ढाबळ रिकामी आहे, तिचं तो नावही काढत नाही. अंधार पडला की उठतो आणि बाळगोंडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "येईल रं. वाट चुकली असंल." बाळगोंडा नुसती मान हलवतो.

तात्पर्य: दुसऱ्याला वाचवणारी गोष्ट ठाऊक असून जो ती मत्सरापोटी गिळून बसतो, त्याचं स्वतःचंही हरवतं, आणि ज्याला त्याने बुडवलं, त्याचीच माया त्याला जन्मभर सोसावी लागते.