तांबजाईचा जबाब

तांबजाई नदी आम्ही गावकऱ्यांनी दोन उन्हाळे खपून साफ केली. गाळ उपसला, काठाने करंज लावले, तेव्हा कुठे पाणी पुन्हा वाहू लागले. मग अमृतराव इनामदारांना नेमके तिथेच मंगल कार्यालय बांधावेसे वाटले.

कायद्याने नदी बुजवता येत नाही. म्हणून त्यांनी चावडीवर तहसीलदारांना सांगितले, "ही नदी नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्यांचा घाण नाला आहे. तसा जबाब सहीनिशी देतो."

तहसीलदारांनी जबाब लिहून घेतला. इनामदारांपुढे बोलायची कुणाची छाती होईना. अमृतरावांनी पेन उघडले, तेवढ्यात होडी चालवणारी ठकूबाई पुढे आली.

"मालक, सहीआधी आणखी एक ओळ घाला."

"कसली?"

"थोरल्या मालकांच्या अस्थी तुम्ही माझ्याच होडीतून तांबजाईत सोडल्या. वडिलांच्या अस्थी घाण नाल्यात टाकल्या, एवढं लिहा. मग खुशाल सही करा."

इनामदारांची सगळी भावकी मागे उभी होती. म्हातारे चुलते म्हणाले, "अमृता, लिहितोस का?"

अमृतरावांनी मान खाली घातली. तहसीलदारांनी जबाब खोडला, नव्या कागदावर 'तांबजाई नदी' असे लिहिले आणि त्याखाली पहिली सही अमृतरावांचीच घेतली.